गारवा जमा, उकाडा नावे

कॉमर्सच्या पदवीधराला तत्त्वज्ञानातले काही कळत नाही, असा एक समज आर्ट्सवाल्यांनी पसरवून ठेवला आहे. तो साफ खोटा आहे. आम्हाला एकच तत्त्वज्ञान येते, पण ते पक्के येते: एका खात्यात जमा झाले की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडते. आकाशातून पडलेला रुपया अजून कुठल्याही खतावणीत सापडलेला नाही. ऋषिमुनींना हीच गोष्ट सांगायला सबंध कर्मसिद्धांत लागला. आमच्या बुककीपिंगच्या सरांनी ती फळ्यावर मधोमध एक उभी रेघ मारून सांगितली आणि पुढच्या तासाला निघून गेले.

बँकेत वीस वर्षे त्या रेघेच्या दोन्ही बाजू जुळवत बसलेल्या माणसाला वाटते, निदान घरी तरी काही हिशेबाबाहेरचे मिळावे. पण घरात एसी आला आणि ती रेघ थेट आमच्या बेडरूमच्या भिंतीवर येऊन बसली. अलीकडे आम्ही, पलीकडे जग!

मुंबईचा उकाडा थर्मामीटरला कळत नाही. मे महिन्यात पारा ३३-३४च्या आसपास रेंगाळतो आणि नागपूरचे आमचे मेहुणे ४५ डिग्रीतून फोन करून विचारतात, "एवढ्यात काय होतं हो तुम्हाला?" त्यांच्याकडे वाळ्याच्या पडद्यांचा कूलर आहे. कोरड्या हवेत पाणी झपाझप उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. मुंबईची हवा मात्र आधीच पाण्याने तुडुंब. पाच पाहुणे बसलेल्या सोफ्यावर सहावा कुठे बसणार? त्यामुळे घाम वाळत नाही, टॉवेल वाळत नाही आणि कूलर लावला तर घरातला माणूस उकडीच्या मोदकासारखा होतो. अशात आईचे वय ऐंशी, त्यात दमा. डॉक्टर म्हणाले, "रात्री तरी खोली गार राहू द्या." आणि दीड टनाचा एसी आला.

दीड टन हे मशीनचे वजन नव्हे. एक टन बर्फ (अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो) चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता काढण्याची ताकद म्हणजे एक टन. गंमत म्हणजे ही सारी विद्या माणसासाठी जन्मलीच नाही. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि एकावर एक छापायचे रंग सरकायचे. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनियरने त्या कागदाच्या सोयीसाठी हवेतला दमटपणा आवरणारी यंत्रणा आखली. माणसाचा नंबर नंतर लागला. यात नवल नाही. आमच्या शाखेतही सर्वांत गार खोली सर्व्हरची असते.

आता मुद्द्याची गोष्ट. एसी गारवा तयार करत नाही. तो फक्त उष्णतेची बदली करतो. खोलीतली उष्णता नळीतला गॅस शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून आणखी तापवतो आणि बाहेरचा डबा ती सगळी उष्णता बाहेर फेकतो. दीड टनाचा एसी जोरात चालला की आतून साधारण ५.२५ किलोवॉट उष्णता काढतो आणि त्यासाठी समजा १.५ किलोवॉट वीज खातो. ही विजेची उष्णतासुद्धा बाहेरच जाते. म्हणजे बाहेर ६.७५. आम्ही जेवढे उचलले त्याहून जास्त दुसऱ्याच्या नावे! सावकारी यापेक्षा वेगळी काय असते?

आणि हा दुसरा कोण, तर शेजारच्या विंगमधले नाना. निवृत्त शिक्षक, एसी नाही, खिडकी मात्र आहे. बिल्डरने डबा बसवायला जी जागा ठेवली आहे ती नेमकी त्या खिडकीसमोर. नाना तक्रार करणाऱ्यांतले नव्हेत. एकदा लिफ्टमध्ये एवढेच म्हणाले, "तुमची जेवणं साडेनवाला आटपतात ना? मला इकडे कळतं."

डब्याच्या पाण्याचाही असाच हिशेब. दमट हवेतले पाणी थंड जाळीवर साचते आणि पावसाळ्याच्या तोंडावर एका रात्रीत बादली भरते. ते बाहेर नेणाऱ्या पाईपमध्ये शेवाळ बसले की पाणी भिंतीवरून आमच्या बिछान्यावर येते, आणि शेवाळ निघाले की खालच्या मजल्यावरच्या आजींच्या कुरडयांवर. आजी व्यवहारी. त्यांनी कुरडया आत घेतल्या, तिथे बादली ठेवली आणि निरोप धाडला, "पाणी येऊ दे. माझ्या कुंड्यांना होतं." देणेकऱ्याकडून मिळेल तेवढे वसूल करावे, हे आमच्या रिकव्हरी खात्यानेही त्यांच्याकडून शिकावे.

पण खरा प्रश्न पडला तो एसी बिघडला तेव्हा. समुद्र आमच्यापासून चालत दहा मिनिटांवर. जागा घेताना हे वाक्य फार महाग पडते आणि पुढे ते फुकटात गंज पुरवते. खारी हवा डब्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या खाऊन त्यांची रांगोळी करते, तांब्याच्या नळीला बारीक भोके पाडते. एसी वारा देऊ लागला, पण गारवा देईना. पहिला मेकॅनिक आला, डब्याला कान लावला आणि म्हणाला, "गॅस संपलाय. भरून टाकतो."

गॅस काही सिलिंडरमधल्या गॅससारखा वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो वर्षानुवर्षे फिरत असतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय. भोक न शोधता गॅस भरणे म्हणजे खिसा फाटका असताना पगार मोजून घेणे. आणि गळालेला जातो कुठे? हल्लीच्या पुष्कळ एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो. तो आकाशात गेला की शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सहाशेपटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. पृथ्वीवर सध्या तेच चालले आहे.

दुसऱ्या मेकॅनिकने नळीला साबणाचा फेस लावला. बाहेरच्या डब्यापाशी एका जोडावर बुडबुडे आले. गळती सापडली. तिथवर पोचायचे म्हणजे चौथ्या मजल्याच्या खिडकीतून छज्जावर उतरायचे. छज्जाची रुंदी दीड फूट. तिशीही न गाठलेला पोरगा. त्याने पायातले बूट काढले आणि एक पाय खिडकीबाहेर टाकला.

आमची सौ. चहा घेऊन आत येत होती. ट्रे तसाच धरून म्हणाली, "दादा, पट्टा कुठाय?"

"वहिनी, रोजचंच काम आहे."

"तुमच्या रोजच्या कामात आमचं घर पहिल्यांदाच येतंय. पाय आत घ्या."

तो हसला. पट्टा दुकानात होता. आणायला गेला तर उरलेला दिवस बुडणार, पुढचे दोन कॉल जाणार. सौ. म्हणाली, "त्या दोन कॉलचे पैसे आम्ही देऊ. उद्या पट्टा घेऊन या." मी त्या वाक्यातल्या 'आम्ही'चा अर्थ मनातल्या मनात रुपयांत काढत होतो. पण वाचकहो, आमच्या बँकेत तिजोरी उघडायला दोन माणसांच्या दोन किल्ल्या लागतात. एकट्या माणसाला कुणी आत जाऊ देत नाही. नोटांची एवढी काळजी आणि हाडामांसाचा पोरगा दीड फुटावर, हातात पान्हा, मागे काही नाही! खाली पडला असता तर नोंद कुठल्या खात्यात केली असती?

ती रात्र पंख्यावर काढली. आईला हॉलमध्ये खिडकीशी गादी घातली, उशाशी तिचा पंप ठेवला. मी दोनदा उठून बघितले तर ती जागीच. म्हणाली, "तुझ्या वेळी भर वैशाखात बाळंत झाले, गावाला. पंखा नव्हता, वीजही नव्हती. झोप तू."

मग एसी वापरूच नये का? असे म्हणणारे साधुपुरुष आमच्या ओळखीत आहेत. त्यांची झोप ऑफिसच्या एसीत पूर्ण होते. आईचा दमा वैराग्याने बरा होत नाही. बँकवाल्याच्या मते कर्ज काढणे हे पाप नव्हे. कर्ज घेऊन ते उत्पन्नाच्या बाजूला लिहिणे, हे पाप. गारवा हे कर्ज आहे. नाना, आजी, तो पोरगा आणि वरचे आकाश हे आमचे धनको. सगळे फेडता येणार नाही, पण हप्ता तरी चुकू नये.

आमचे हप्ते असे: दर पंधरा दिवसांनी जाळी धुणे, म्हणजे कमी विजेत काम होते. रिमोट १८वर न नेणे. १ जानेवारी २०२०पासून आपल्याकडे स्टार लेबलचे एसी मुळात २४वर सुरू होतील असेच बनवावे लागतात. तिथून आम्ही २६वर जातो आणि पंखा लावतो. गळती शोधल्याशिवाय गॅस नाही. पट्ट्याशिवाय छज्जा नाही. आणि नानांची खिडकी उघडी असते तोवर, म्हणजे दहापर्यंत, एसी बंद.

नानांकडे जाऊन मी म्हटलेही, "उन्हाळाभर आमच्याकडे झोपायला या. हॉलमध्येही गार येतं." नाना म्हणाले, "नको बाबा, मला त्या हवेनं सर्दी होते."

आता काय करायचे? धनको वसुलीलाच येत नाही. बँकेत दहा वर्षे कुणी मागितली नाही अशी ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जमा करावी लागते. नानांच्या उकाड्यासाठी तसा फंड निघेपर्यंत मी दर दुसऱ्या रविवारी जाळी काढून मोरीत घासत बसतो. नाना त्यांच्या खिडकीतून बघतात आणि हात करतात. मीही साबणाचा हात वर करतो.