नुसतं बघायचंय!

"बघायला काय पैसे पडतात?" हे वाक्य ज्याने प्रथम उच्चारलं तो अविवाहित असावा, आणि बँकेत तर तो खासच नसावा. वीस वर्षं काउंटरच्या अलीकडे बसून मी एवढं शिकलो आहे की, फुकट असं जगात काही नसतं. फक्त काही गोष्टींची नोंद उशिरा पडते. बघणं ही त्यातलीच एक गोष्ट. नावे आज पडतं, पण पासबुकात दिसतं सहा महिन्यांनी.

तरीसुद्धा प्रश्न शिल्लक राहतोच. जी वस्तू आपण घेणार नाही, घेऊ शकत नाही, ती दुकानात जाऊन तासभर बघत बसणं बरं की वाईट? नुसतं बघणाऱ्याला काही कर्तव्य असतं का? गीतेवर प्रवचनं करणाऱ्यांनी या प्रश्नाला कधी हात घातलेला मी तरी ऐकला नाही. बहुधा त्यांच्या घरी फर्निचर भेट म्हणून येत असावं.

आमच्या बांद्यात या बाबतीत पूर्वीपासून एक अलिखित कायदा आहे. आठवड्याच्या बाजारात मडकी, सुपं, कोयते काहीही बघावं. पण हात मागे बांधून. हात पुढे आला की विक्रेता विचारणार, "घेवचा आसा, काय नुसता बघूचा आसा?" आणि एकदा का तुम्ही भाव विचारलात, की अर्धा करार झाला. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाईकाने तर भाव विचारून पाठ फिरवूच नये. बोहनी मोडल्याचं पातक लागतं. म्हणजे बघणं मोफत, विचारणं जोखमीचं आणि हाताळणं म्हणजे जवळजवळ वाङ्निश्चय!

याला अपवाद होती सावंतवाडीची चितार आळी. लहानपणी वडिलांबरोबर सावंतवाडीला गेलं की कोर्टकचेरीचं काम उरकल्यावर ते मला तिथून फिरवून आणायचे. लाकडी केळी, लाकडी आंबे, लाकडी वांगी. इतकी हुबेहूब की वांग्याचं देठ टोचेल असं वाटावं. दुकानदाराला आमचं एकंदर अंदाजपत्रक चेहऱ्यावरून कळत असे. तरी तो एक आंबा उचलून माझ्या हातात द्यायचा आणि स्वतः वर्तमानपत्रात डोकं घालायचा. मला वाटतं, मुलाला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. पुढे मोठेपणी मोती तलावाकाठच्या राजवाड्यात गंजिफाचे पत्ते रंगवताना पाहिले. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते. हाताने रंगवलेला एकेक गोल, आणि त्यात सगळे अवतार मावलेले. कारागिराच्या खांद्यावरून आम्ही दहा जण वाकून बघत होतो. त्याने एकदाही "घेणार का?" म्हणून विचारलं नाही. बघू देणं हीसुद्धा एक देणगी असते, आणि तिची पावती फाडता येत नाही.

हे झालं जुनं. आता आमच्या महामार्गावरून गोव्याकडे निघालं की काचेच्या भिंतींमागे सोफे बसलेले दिसतात. (सोफ्यावर माणसं नसतात. सोफेच बसलेले असतात.) पणजीला, कोल्हापूरला गृहसजावटीची प्रदर्शनं भरतात. तिकीट काढून दुसऱ्याचं न झालेलं घर बघायचं, ही कल्पना आपल्याला नवी वाटते. पण लंडनच्या एका वर्तमानपत्राने १९०८ साली 'आदर्श घरा'चं प्रदर्शन सुरू केलं आणि त्याला लोकांनी गर्दी केली. इटलीत मिलानला १९६१ पासून फर्निचरची जत्रा भरते. एका दृष्टीने प्रदर्शन हा प्रामाणिक व्यवहार. तिकिटाचे पैसे दिले, बघणं विकत घेतलं, हिशेब पुरा. मनाला टोचणी नाही. खरी पंचाईत दुकानात होते. तिथे तिकीट नसतं, त्यामुळे आपलं देणं नेमकं किती ते कळत नाही.

ही पंचाईत घेऊनच आम्ही उभयता कोकणकन्येने पनवेलला उतरलो आणि मेहुण्याबरोबर तुर्भ्याच्या 'आयकिया'त गेलो. हे स्वीडिश दुकान नवी मुंबईत डिसेंबर २०२० मध्ये उघडलं. त्याच्या नावाची गंमत मला फार आवडते. इंगवार काम्प्राद नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने १९४३ साली धंदा काढला, तेव्हा नावाची दोन अक्षरं स्वतःची, एक घरच्या शेतवाडीचं आणि एक गावाचं घेतलं. आपल्याकडे गाव आडनावात जातं, त्याने दुकानात घातलं, एवढाच फरक. सुरुवातीला तो टपालाने माल पाठवी. स्पर्धेत किमती उतरल्या, तसा गिऱ्हाइकांना मालाबद्दल संशय येऊ लागला. तेव्हा लोकांनी स्वतः येऊन बघावं, चाचपावं म्हणून त्याने १९५३ मध्ये एल्महुल्ट या गावी फर्निचर मांडून ठेवलं. म्हणजे बघा, तिथला पाया विक्रीइतकाच बघण्यावर उभा आहे! हे मेहुण्याने सांगितलं आणि माझ्या मनावरचं निम्मं ओझं उतरलं. मी सोफ्यावर बसलो.

आत खोल्याच खोल्या मांडलेल्या. पलंग, दिवा, कपाट, गालिचा, सगळं जागच्या जागी. पण मला काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, दाराशी चपला नव्हत्या. खिळ्याला कालनिर्णय नव्हतं. देव्हारा नव्हता, भिजलेली छत्री नव्हती, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी नव्हती, आणि 'लागेल कधीतरी' म्हणून जपून ठेवलेली एकही पिशवी नव्हती. माणूस राहायला आला की घर बिघडतं, असा त्या खोल्यांचा सूर होता. त्या इतक्या सुंदर होत्या त्या राहत्या नव्हत्या म्हणूनच.

एका गोष्टीने मात्र बँकवाला या नात्याने मी हेलावलो. तिथे पेन्सिली आणि कागदी टेप मोकळ्या ठेवल्या होत्या. घ्या आणि मोजा! आमच्याकडे चार रुपयांचं पेन दोरीने बांधलेलं असतं, आणि दर महिन्याला दोरी तेवढी शिल्लक राहते.

मेहुणा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक. मी त्याच्यापुढे माझी शंका मांडली. तो एका आरामखुर्चीत रेलून म्हणाला, "भावजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कांटने १७९० सालीच देऊन ठेवलंय." त्याच्या म्हणण्याप्रमाणे, सौंदर्याचा खरा आनंद तो, ज्यात ती वस्तू आपली व्हावी ही इच्छा नसते. राजवाडा सुंदर आहे का, असं विचारल्यावर कुणी म्हणेल, मला असली मिजास आवडत नाही. कुणी पॅरिसला गेलेल्या त्या अमेरिकेतल्या आदिवासी नायकासारखं म्हणेल की, मला इथल्या खाणावळीच तेवढ्या आवडल्या. पण ही प्रश्नाची उत्तरंच नव्हेत. नुसत्या बघण्याने आनंद झाला का, एवढंच सांगा. म्हणजे न घेता बघणारा हाच खरा रसिक, आणि घेणारा तो नुसता गिऱ्हाईक! हे ऐकून मी इतका खूश झालो की, लगेच त्या दुकानातल्या खाणावळीत सर्वांना कॉफी पाजली. तो आदिवासी नायकही मला अगदी जवळचा वाटू लागला.

परंतु कांटच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. एक, त्याने आपलं गाव सोडून फारसा प्रवास केला नाही. दोन, त्याने लग्न केलं नाही. त्यामुळे दुकान बघून घरी परत आल्यावर काय होतं, याचा त्याच्या ग्रंथात विचार असण्याचं कारण नाही.

तो विचार दिदरो या फ्रेंच पंडिताने केला. त्याला एक नवा झकास झगा मिळाला. तो घातल्यावर जुनी खुर्ची केविलवाणी दिसायला लागली. म्हणून गवती बैठकीची खुर्ची गेली, चामड्याची आली. मग टेबल, मग भिंती. शेवटी बिचारा जुन्या झग्याच्या आठवणीने हळहळत लिहायला बसला. गोष्ट अठराव्या शतकातली, पण बांद्याला तंतोतंत लागू. आम्हांला बी.कॉम.ला घसाऱ्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. एकीत वस्तूची किंमत दरसाल सारख्या रकमेने घटते, दुसरीत उरलेल्या किमतीच्या टक्क्यांनी. तिसरी पद्धत आमच्या पुस्तकात नव्हती. तीत वस्तू घरात स्वस्थ उभी असते आणि तिची किंमत तुर्भ्याला घटते. दोन दिवसांत आमचं लोखंडी कपाट वीस वर्षांनी म्हातारं झालं. वास्तविक त्याला कुणी हातही लावला नव्हता!

या लाटेत पहिली गदा आली ती पडवीतल्या बाकड्यावर. फणसाचं लाकूड, वडिलांनी करून घेतलेलं, एका टोकाला किंचित डुगडुगणारं. पडवीला सरकत्या काचा लावून तिथे फिकट कापडाचा सोफा ठेवावा, असा मुलीने प्रस्ताव मांडला. दिसायला खरोखरच छान दिसलं असतं. मग मी एक रविवार त्या बाकड्यावर कोण बसतं ते बघत बसलो. पोस्टमन येऊन टेकला. कोळीण पाटी उतरवून बसली. एक शेजारी पैसे काढायची स्लीप भरून घ्यायला आला. रविवारी बँक बंद असली तरी बँकवाला उघडाच असतो. दुपारी एक अनोळखी म्हातारा उन्हातून आला, बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि निघून गेला. यातल्या एकानेही "बसू का?" म्हणून विचारलं नाही. फिकट कापडाच्या सोफ्यावर ओल्या लुगड्याची कोळीण बसली नसती. तिला कुणी 'बसू नको' म्हटलं नसतं. सोफ्यानेच सांगितलं असतं. वस्तू बोलत नाहीत असं आपण समजतो. पण कुणी बसावं आणि कुणी उभं राहावं हे घरात त्याच तर ठरवतात. आई एवढंच म्हणाली, "बसाक व्हया की बघूक व्हया, तां आधी ठरवा." बाकडं राहिलं.

माझा विजय झाला असं समजून मी बायकोकडे पाहिलं. तिचं लक्षच नव्हतं. तुर्भ्याला आम्ही सौंदर्यशास्त्रावर बोलत होतो तेव्हा ती एक खण उघडून बंद करत होती. ओट्याखालचा, पूर्ण बाहेर येणारा. तिथली कागदी टेप तिने पर्समध्ये घालून आणली होती आणि आता आमचा ओटा मोजला जात होता. "तुमच्या त्या कांटला कमरेत वाकून तळातला तांदळाचा डबा काढायला लागत होता का?" असं तिने विचारलं. मी त्याच्या चरित्रात शोधणार होतो, पण तेवढ्यात सुतार आला.

सुताराने मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "ह्यां भुशाची फळी आमच्या पावसाक टिकाची नाय. श्रावणापयलींच फुगतली." मग तो जमिनीवर उकिडवा बसला आणि त्याने तीन प्रश्न विचारले. "वयनी, ह्येच्यात ठेवतल्यात काय? उघडतला कोण, तुमी काय आये? आणि पाऊस खयच्यान येता?"

ते ऐकून मला चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याची आठवण झाली. भारत सरकारने त्यांना इथल्या वस्तूंच्या रचनेबद्दल सल्ला विचारला होता. त्यांनी १९५८ साली देश हिंडून अहवाल दिला आणि त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. या दोघांनी आपल्याकडे येऊन सर्वांत जास्त वाखाणलं काय, तर तांब्या! पाणी किती मावतं, कमरेवर कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, घासायला हात आत जातो का, हे सगळे प्रश्न त्यांनी त्या तांब्याला विचारले. जगभरातलं फर्निचर कोळून प्यालेली ही माणसं. त्यांनीही नुसतंच बघितलं. पण ती बघून हळहळली नाहीत. त्यांनी विचारपूस केली.

माझ्यापुरता निवाडा असा: दुकान बघून आल्यावर आपल्या घराची लाज वाटू लागली तर ते बघणं महाग पडलं. आणि घरातल्या वस्तूंना, माणसांना चार प्रश्न विचारावेसे वाटले, तर एक पैसा न देताही आपण त्या दुकानाचं देणं फेडलं.

जुलैआधी खण तयार झाला. फणसाच्या फळ्यांचा, आईच्याही हाताला सरकणारा. दुसऱ्या दिवशी कोळीण मागल्या दारी आली, तेव्हा बायकोने तिला कौतुकाने आत नेलं. तिने खण उघडला, बंद केला, पुन्हा उघडला, हात फिरवला. भाव विचारला नाही. चेहऱ्यावर नुसता निर्मळ आनंद. मी मनात म्हटलं, हीच ती! कांटला हवी होती ती रसिक बांद्यात सापडली.

तेवढ्यात ती म्हणाली, "बरां केलंस गो. तांदूळ किती ऱ्हवतत ह्येच्यात?"

"आठ किलो," बायको म्हणाली.