रिकाम्या खात्याची किंमत

ब्रिटनमध्ये खात्यात पुरेसे पैसे नसताना एखादा चेक वटवायला आला किंवा वीजबिलाचा डायरेक्ट डेबिट आला, की बँक खातेदाराकडून ठरावीक रक्कम कापून घेई. 2005 च्या आसपास ही रक्कम बहुधा 30 पौंडांच्या आगेमागे असे. काही बँकांत ती 39 पौंडांपर्यंत जाई. न वटलेला व्यवहार 5 पौंडांचा असो वा 500 पौंडांचा, शुल्क तेवढेच. बँकेचा प्रत्यक्ष खर्च म्हणावा, तर संगणकाने व्यवहार नाकारायचा आणि एक छापील पत्र टपालात पडायचे.

हे शुल्क कापले जाई तेही त्याच रिकाम्या खात्यातून. पगार किंवा सरकारी मदत जमा होताच बँक आपले आधी वळते करून घेई. उरलेल्या पैशांत पुढच्या महिन्याचे भाडे बसत नसे, म्हणून भाडे देण्याचा बँकेला दिलेला हुकूम परत जाई आणि त्यावर नवे शुल्क लागे. दोन-चार पौंडांनी चुकलेला हिशेब काही महिन्यांत शेकडो पौंडांच्या थकबाकीवर पोचल्याची उदाहरणे असंख्य होती. खात्यावर लक्ष ठेवणे ही खातेदाराचीच जबाबदारी, हे बँकांचे म्हणणे खोटे नाही. पण चूक केवढी आणि तिची वसुली केवढी, यांचे काही प्रमाण असावे, ही अपेक्षा नीतीच्या दृष्टीने तितकीच रास्त आहे.

या अपेक्षेला कायद्यातही आधार होता. करार मोडल्याबद्दल आकारलेली रक्कम ही नुकसानीचा प्रामाणिक अंदाज असली पाहिजे, केवळ धाक दाखवण्यासाठी लावलेला दंड वसूल करता येत नाही, हे तत्त्व इंग्लंडमध्ये डनलॉप टायर कंपनीच्या 1915 च्या खटल्यापासून पक्के झाले होते. त्याला 1999 च्या ग्राहक करारांतील अन्याय्य अटींविषयीच्या नियमांची जोड मिळाली. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग ही तेव्हाची ग्राहकहिताची सरकारी यंत्रणा. क्रेडिट कार्डाचा हप्ता चुकल्याबद्दल 12 पौंडांहून जास्त आकारणी अन्याय्य समजली जाईल, असे तिने एप्रिल 2006 मध्ये जाहीर केले. कार्ड कंपन्यांनी आपले दर 12 पौंडांवर आणले. मग बँक खात्याला वेगळा न्याय का, हा प्रश्न सामान्य खातेदारांनी उचलला आणि ते एकेकटे कोर्टाची पायरी चढू लागले.

इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी वकील लागत नसे. व्यक्तिगत माहितीच्या कायद्याखाली 10 पौंड भरून बँकेकडे मागणी केली, की 40 दिवसांत जुना तपशील देणे तिला भाग होते. मुदतीच्या कायद्यानुसार मागच्या सहा वर्षांपर्यंतची शुल्के मागता येत. खातेदार त्यांची यादी करी, बेरीज मांडी, बँकेला पत्र लिहून उत्तरासाठी मुदत देई आणि नकार आला की कौंटी कोर्टात दावा दाखल करी. कोर्टाने मान्य केल्यास रकमेवर 8 टक्के व्याजही मिळू शके. त्या वेळी 5000 पौंडांपर्यंतचे दावे लघुदाव्यांच्या पद्धतीने चालत आणि त्यात हरणाऱ्यावर दुसऱ्या बाजूच्या वकिलाचा खर्च सहसा पडत नसे. बलाढ्य बँकेसमोर एकट्या माणसाला उभे राहता आले, त्यामागचे मोठे कारण हे होते. हरलो तर घर विकावे लागेल ही भीती नसली, तरच सामान्य माणूस न्याय मागायला धजतो.

बँका यातले बरेचसे दावे सुनावणीपर्यंत जाऊ देत नसत. आपली चूक मान्य न करता त्या पैसे परत करून प्रकरण मिटवत. कौंटी कोर्टाचा निकाल इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतो. पण सुनावणी झाली असती, तर एका न वटलेल्या चेकमागे खरा खर्च किती, हे उघड करण्याची वेळ आली असती. ज्यांना पैसे परत मिळाले त्यांच्या दृष्टीने ही तडजोड चांगलीच होती. बँकांची वागणूक मात्र नैतिक कसोटीला उतरत नाही. शुल्क न्याय्य असेल तर ते कोर्टात ठामपणे मांडावे. न्याय्य नसेल तर ते सगळ्यांचेच थांबवावे. जो मागेल त्याला द्यायचे आणि जो गप्प राहील त्याच्याकडून घेतच राहायचे, या व्यवहारात ज्याला अर्ज भरता येत नाही, इंग्रजी नीट वाचता येत नाही, कोर्टाच्या नावाने ज्याला धडकी भरते, तोच नेमका मागे राहतो. दाव्यांच्या यशाची खात्रीही कधी नव्हती. मे 2007 मध्ये बर्मिंगहॅमच्या कोर्टात सुनावणी पूर्ण होऊन एक खातेदार हरला.

जुलै 2007 मध्ये सात बँका, नेशनवाइड ही बिल्डिंग सोसायटी आणि ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग यांनी मिळून एकच कसोटीचा खटला चालवायचे ठरवले. त्यामुळे देशभरातले बहुतेक वैयक्तिक दावे स्थगित झाले. एप्रिल 2008 मध्ये उच्च न्यायालयाने बँकांच्या तेव्हाच्या अटींपुरता दंडाचा मुद्दा निकालात काढला: पैसे नसताना हुकूम देणारा खातेदार करार मोडत नाही, तो जादा उचल मागतो, म्हणून त्याबद्दलची रक्कम दंड ठरत नाही. मात्र ही शुल्के न्याय्य आहेत का, हे अन्याय्य अटींच्या नियमांखाली तपासता येईल, असे या न्यायालयाने आणि फेब्रुवारी 2009 मध्ये अपील न्यायालयानेही मान्य केले.

25 नोव्हेंबर 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय एकमताने फिरवला. हे न्यायालय जेमतेम दोन महिन्यांपूर्वी सुरू झाले होते. सेवेची किंमत योग्य की अयोग्य, हे तपासण्याला 1999 च्या नियमांत मज्जाव होता, फक्त अट साध्या आणि समजेल अशा भाषेत हवी. ही शुल्के खातेसेवेच्या किमतीचाच भाग आहेत, असे न्यायालयाने धरले. खात्यांवरील बँकांच्या उत्पन्नापैकी 30 टक्क्यांहून अधिक त्यांतून येत होते, हे त्यामागचे एक कारण. शुल्के न्याय्य आहेत, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. प्रश्न शिल्लक आहे आणि त्याचा विचार संसद करू शकते, हे न्यायमूर्ती लॉर्ड वॉकर यांनी निकालपत्रातच नोंदवले.

त्या 30 टक्क्यांतच या विषयातली सगळ्यात बोचरी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये शिल्लक असलेले खाते फुकट चालते. तो खर्च कुठून तरी भागवावाच लागतो, आणि त्याचा मोठा वाटा शिल्लक नसलेले उचलत होते. 2006 या एका वर्षात अपुऱ्या शिलकीच्या शुल्कांतून बँकांना सुमारे 2.6 अब्ज पौंड मिळाले. सुस्थितीतल्या खातेदाराने यात कोणाचे काही हिरावून घेतले नाही. पण त्याची सोय अडचणीतल्या माणसाच्या पैशांवर उभी होती, आणि त्याला ते ठाऊकही नव्हते. एखाद्या अटीचा अर्थ लावणाऱ्या न्यायाधीशापुढे ही वाटणी न्याय्य आहे का, हा प्रश्न पूर्णपणे येतच नाही. एकट्या वादीच्या हातीही ती बदलणे नसते.

निकालानंतर महिन्याभरात ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंगने चौकशी सोडून दिली आणि स्थगित दाव्यांचा आधारच गेला. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याने थोडी दुरुस्ती केली: किंमत सांगणारी अट नुसती सुबोध असून भागत नाही, ती ग्राहकाच्या नजरेत भरेल अशी ठळकही हवी, तरच तिला तपासणीतून सूट मिळते.

खरा बदल कोर्टाबाहेरून आला. परवानगीशिवाय झालेल्या ओव्हरड्राफ्टवरील, म्हणजे शिलकीपलीकडच्या उचलीवरील, 2016 मधल्या शुल्कांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम अवघ्या 1.5 टक्के ग्राहकांनी भरली, असे वित्तीय क्षेत्राच्या नियामक संस्थेला, फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीला, आढळले. एप्रिल 2020 पासून तिने ओव्हरड्राफ्टवरील ठोक शुल्के बंद केली. आता फक्त वार्षिक व्याज लावता येते, आणि परवानगी नसलेल्या उचलीचा दर परवानगीच्या उचलीपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मोठ्या बँकांनी हा दर 40 टक्क्यांच्या आसपास नेला. तो जबर आहे. तरी 100 पौंड आठवडाभर कमी पडले, तर त्या दराने होतात सुमारे 77 पेन्स. परत गेलेल्या हुकमासाठी बँक अजूनही पैसे घेऊ शकते, मात्र ते तिच्या खर्चाशी जुळणारे असावे लागतात. अडचणीत असताना बँकेने सहानुभूतीने वागवले नाही, अशी तक्रार घेऊन खातेदार आजही फायनान्शियल ओम्बड्समन या तक्रार निवारकाकडे जाऊ शकतो. त्याला तिथे काही फी भरावी लागत नाही, आणि निर्णय पटला नाही तर कोर्टाचा मार्गही मोकळा राहतो.