चार दिवस आणि शेचाळीस वर्षे

कौंडण्यपुरास जो जातो त्यास तेथील लोक एकच दिवस दाखवितात. वर्धा नदीच्या काठचे हे गाव पुराणांतील विदर्भाची राजधानी म्हणून प्रसिद्ध आहे. येथील अंबिकेच्या देवळापासून श्रीकृष्णाने रुक्मिणीस रथात घालून नेले, असे परंपरा सांगते. आणि आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपुरास जाते. त्या एका दिवसावर गावाचे नाव उभे आहे. परंतु १९६० नंतरच्या दशकात पुराणवस्तुसंशोधक मो. गं. दीक्षित यांनी येथील पांढरी खणली, तेव्हा मातीतून जे वर आले ते खापरे, मणी, आणि शतकानुशतके येथे राहून गेलेल्या साध्या माणसांच्या वस्तीच्या खुणा. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणास ठाऊक नाही.

हे आम्हांस आठवण्याचे कारण असे की, काही दिवसांमागे याच भागातील एका खेड्यात आमच्या मंडळीतील एक वृद्ध गृहस्थ प्रभूकडे गेले. ते निवृत्त शिपाई होते, आणि १९७१ च्या युद्धात सीमेवर होते. दफनविधीनंतर त्यांचा वडील मुलगा आम्हांकडे आला व म्हणाला, “पाळकसाहेब, स्मरणसभेत वाचण्यासाठी बाबांविषयी दोन शब्द लिहून द्या, पण लढाईचेच लिहा. बाकीचे घरचेच आहे, त्यात काय लिहिण्यासारखे?” आम्ही होकार दिला आणि लिहावयास बसलो; परंतु कागद पुढे सरेना. मनुष्याचे स्मरण त्याच्या सर्वांत मोठ्या दिवसावरून करावे की त्याच्या सर्व दिवसांवरून, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्या मनात मेजर रामा राघोबा राणे यांचे चरित्र वारंवार येत राहिले. ते मूळचे कारवारजवळील चेंडिये गावचे. जन्म १९१८ चा. १९४० साली ते बॉम्बे सॅपर्स या पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढले, आणि पुढे अधिकारी झाले. १९४८ च्या एप्रिलात नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणारा रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करण्याचे काम त्यांच्या तुकडीवर आले. शत्रूने त्या रस्त्यावर सुरुंग पेरले होते, पाइनची झाडे आडवी पाडली होती, मोऱ्या उडविल्या होत्या, आणि वरच्या टेकड्यांवर मशीनगना लावून ठेवल्या होत्या. ता. ८ एप्रिलला काम सुरू होते न होते तोच उखळी तोफांचे गोळे पडले. दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले, आणि त्या पाचांत स्वतः राणे होते.

पुढील हकिकत सरकारी मानपत्रात आहे. वाचकांस आमची विनंती की, तीत वीररसाची भाषा न शोधता केवळ वेळा पाहाव्यात. ता. ८ रोजी रात्री १० पर्यंत काम. ता. ९ रोजी सकाळी ६ ला पुन्हा आरंभ. दुपारी ३ वाजता रणगाड्यांसाठी वळणरस्ता तयार. मग सर्वांत पुढच्या गाडीत बसून प्रस्थान. अर्ध्या मैलावर आडवी झाडे, ती सुरुंगाने उडविली. पुढे तीनशे यार्डांवर पुन्हा झाडे, तीही उडविली. मग तुटलेली मोरी. अंधार पडला तेव्हा पुढे पाच मोठी झाडे व त्यांच्याभोवती सुरुंग. ता. १० रोजी पहाटे पावणेपाच वाजता तेथेच पुन्हा हात घातला, आणि साडेसहापर्यंत तो अडथळा दूर केला. रणगाडे दुपारी २ वाजता चिंगस येथे पोचले. परंतु मागून येणाऱ्या सामानाच्या गाड्यांसाठी राणे अन्न व विश्रांती यांवाचून रात्री ९ पर्यंत रस्ता साफ करीत राहिले. ता. ११ ला सकाळी ६ वाजता पुन्हा हजर, आणि त्या रात्री १० पर्यंत पुन्हा काम.

हे मानपत्र एखाद्या मुकादमाच्या हजेरीपटासारखे दिसते, असे कोणी म्हटल्यास आम्ही रागावणार नाही. आम्हांस तर त्यात त्याचे खरे मोल दिसते. या मनुष्याने एकदाच उडी घेतली नाही. तो जखमी अंगाने रात्री थांबला आणि सकाळी त्याच जागी परत गेला. एक झाड हटविले की दुसरे लागले, आणि तेही हटविले. एका उसळीच्या भरात पुष्कळांचे हातून मोठे कृत्य होते. परंतु निजून उठल्यावर, काय होणार हे पुरते ठाऊक असताना, तेच काम पुन्हा हाती घेणे हे निराळे धैर्य आहे.

१९४७-४८ च्या युद्धासाठी पाच जणांस परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग व पीरू सिंग रणांगणावरच पडले. राणे आणि करम सिंग हे दोघे जिवंत परतले. जो पडतो त्याचे चित्र तेथेच पुरे होते, त्यात कोणास भर घालता येत नाही. जो परततो त्यास मात्र दुसऱ्या दिवशी उठावे लागते. राणे १९६८ साली अठ्ठावीस वर्षांच्या सेवेनंतर मेजर म्हणून निवृत्त झाले, आणि १९९४ च्या जुलैत, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, पुण्यास वारले. त्या चार दिवसांनंतर ते शेचाळीस वर्षे जगले. विवाह, संसार, मुले, सर्व त्या काळातले. आज कारवारास त्यांचा पुतळा आहे, एका तेलवाहू जहाजास त्यांचे नाव दिले होते, आणि २०२३ साली अंदमानातील एका बेटासही ते दिले गेले. हा सर्व मान त्या चार दिवसांचा आहे, आणि तो योग्यच आहे. त्या शेचाळीस वर्षांचा हिशेब फक्त घरच्यांपाशी असतो.

आमच्या शास्त्रातही असेच आहे. दाविदाच्या शूर पुरुषांची यादी वाचावी. बनाया याच्याविषयी तेथे सांगितले आहे की, बर्फ पडलेल्या दिवशी त्याने खड्ड्यात उतरून सिंह मारला. तोच बनाया पुढे शलमोनाच्या राज्यात सेनापती झाला, आणि राजाज्ञेवरून त्यास जी कामे करावी लागली त्यांतली काही वाचताना मन कष्टी होते. तथापि उपदेश करताना आम्ही पाळक लोक बर्फ आणि सिंह यांवरच थांबतो, हे कबूल केले पाहिजे. एका दिवसावर उपदेश करणे सोपे असते.

येथे कोणी विचारील, तर मग रोज शेतावर जाणारा बाप आणि गोळीबारात सुरुंग काढणारा अधिकारी हे सारखेच की काय? तसे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे ही खुशामत होईल, आणि जे त्या रस्त्यावर मेले त्यांचा तो अपमानही होईल. मृत्यू समोर दिसत असता पुढे जाणे यास तोड नाही. आमचे म्हणणे एवढेच की, दोन्हींचे सूत एकच आहे. आणि ज्याने ते सूत चार दिवस अखंड काढले, त्याच्या बाकीच्या दिवसांस कोणी “घरचेच” म्हणून बाजूस सारू नये.

असा विचार करीत आम्ही त्या घरी परत गेलो. आमच्या कागदावर युद्धाचीच हकिकत होती, कारण मुलाने तीच मागितली होती. आम्ही ती वाचून दाखविली. विधवा माउली भिंतीस टेकून ऐकत होती. ती म्हणाली, “पाळकसाहेब, लढाई तं त्याईनं चौदा दिवस केली. संसार पन्नास वर्सं केला. तुमी चौदा दिवसाचंच लिवता काय?”

मग तीच सांगू लागली. रात्रीच्या विजेची पाळी असे तेव्हा कंदील घेऊन ते मोटार लावावयास जात, आणि सत्तरी उलटल्यावरही मुलास उठवीत नसत. कपाशी दोन वर्षे बुडाली तरी मुलीची शाळा त्यांनी बंद केली नाही. आणि हेही तिने सांगितले की, युद्धावरून आल्यावर पहिली काही वर्षे त्यांचा राग घरास फार जड गेला. मुले त्यांच्या पावलांच्या आवाजाने गप्प होत. पुढे एके दिवशी त्यांच्या ते ध्यानात आले, आणि त्यांनी स्वतःस आवरावयास आरंभ केला. ते एका दिवसात झाले नाही, असे ती म्हणाली. कितीदा जमले, कितीदा मोडले.

हे ऐकताना मुलगा खाली पाहत होता. युद्धाचेच लिहा, असे तो का म्हणाला, हे आम्हांस तेव्हा कळले.

आम्ही तेथेच बसून नवा कागद केला. युद्धास त्यात दोन वाक्ये आली. मोटार, कपाशी, मुलीची शाळा ही आली. शेवटी आम्ही लिहिले की, घरी परतल्यावर घराची सवय होण्यास त्यांना काही वर्षे लागली, आणि ती त्यांनी कष्टाने लावून घेतली. मुलाने कागद वाचला, आमची लेखणी मागितली, व ते शेवटचे वाक्य खोडले. मग कागद आईच्या हाती दिला. तिला वाचता येत नाही. काय खोडले ते तिने विचारले. त्याने सांगितले. ती काही वेळ बोलली नाही, मग म्हणाली, “ते राहू दे, बाबू.” त्याने ते वाक्य स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहिले, आणि स्मरणसभेत तो कागद त्यानेच वाचला.