भांडार रिते असताना



शरणांच्या वचनांत नुडी आणि नडे ही दोन पदे जोडीने येतात. नुडी म्हणजे बोलणे, नडे म्हणजे वागणे. या दोहोंत अंतर पडले तर लिंगपूजाही व्यर्थ, हे आपण जाणतो. पण ही कसोटी देवघरापुरती नाही. मत मागायला दारी आलेल्या उमेदवारालाही ती लावायची आहे. देशाचे भांडार रिते असते तेव्हा तर अवश्य लावायची आहे.

भांडारावरून ग्वाल्हेरची गोष्ट आठवते. जयविलास प्रासाद उभा राहण्यापूर्वी तेथील शिंदे सरकार गोरखी वाड्यात राहत. संकटकाळासाठी किल्ल्यात दडवून ठेवलेल्या त्यांच्या खजिन्याला गंगाजळी म्हणत. १८८६ साली जयाजीराव शिंदे निवर्तले आणि तिचे गुपित बाळराजांना सांगायचे राहून गेले, असे सांगतात. राजाची गंगाजळी अशी झाकलेली असे. लोकशाहीतील गंगाजळी प्रजेची आहे. ती प्रजेपासून झाकण्याचा अधिकार कोणाला?

आता १९९१ साल आठवा. लोकसभेची निवडणूक मे-जूनमध्ये झाली. देशाजवळ परकीय चलन दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. ऐन मे महिन्यात २० टन सोने पुन्हा खरेदीच्या अटीवर परदेशी बँकेला विकले गेले. प्रचारात मात्र मंडल आणि मंदिर यांचाच गजर. काँग्रेसच्या जाहीरनाम्यात तर काही जिनसांचे भाव १०० दिवसांत जुलै १९९० च्या पातळीवर आणण्याचे वचन होते. त्याच पक्षाचे सरकार आले. जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले, आणखी ४७ टन सोने गहाण पडले, घरगुती गॅस २० टक्क्यांनी महागला. ते उपाय अटळ असतीलही. पण जे सत्य मतदानानंतर सांगावे लागले, ते आधी का सांगितले नाही? हा प्रश्न एका पक्षाला नाही, सर्वांना आहे.

महात्मा बसवेश्वर कल्याणला बिज्जळाचे भांडारी होते. चहाडखोरांनी खजिन्याविषयी संशय उठवला, तेव्हा त्यांनी हिशेब पुढे ठेवला आणि पै न पै जुळली, असे परंपरा सांगते. आयदक्की मारय्यांनी एके दिवशी गरजेहून अधिक तांदूळ वेचून आणले, तर लक्कम्मांनी ते परत टाकून यायला लावले.

उमेदवाराने या दोन कथा उराशी धराव्यात. भांडाराची खरी स्थिती आधी सांगावी. जे देता येणार नाही ते देतो म्हणू नये. लोकांना पोटाला चिमटा घ्यायला सांगण्यापूर्वी स्वतःच्या मिरवणुकीचा डामडौल आवरावा. संकट सर्वांचे आहे, म्हणून त्याचे खापर दुसऱ्याच्या माथी फोडण्यात वेळ दवडू नये.

आणि आपण? गोड बोलणाऱ्याच्या गळ्यात हार घालायचा, खरे बोलणाऱ्याकडे पाठ फिरवायची, असे आपले चालले तर पुढचा उमेदवार खोटेच शिकेल. त्या पापात निम्मा वाटा आपला. मतदान हेही कायकच आहे. ते शुद्ध चित्ताने करू या.

शरणु शरणार्थी.