श्रवणाची घरपट्टी

घरपट्टीची मागणी-चिठ्ठी हा काही दिवाळी अंकाचा विषय नव्हे, हे मला कळते. फराळाचे ताट पुढे आले असता कोणी थकबाकीची गोष्ट काढली, तर घरची वडीलधारी माणसे त्याला डोळ्यांनीच दटावतील. पण गेले वर्षभर मी एका घरपट्टीपायी ग्रामपंचायतीशी भांडतो आहे. माझी बाजू खरी आहे याबद्दल मला शंका नाही. मी स्वतः कितपत खरा आहे, याबद्दल मात्र अलीकडे पडू लागली आहे.

मुरबाडहून सरळगावला येऊन किन्हवलीच्या वाटेने शहापूरकडे निघाले, की दोन तालुक्यांची शीव लागते. भाताची खाचरे, मधून मधून मोहाची झाडे, आणि आभाळ निवळलेले असले तर दूरवर माहुलीचे सुळके. या टापूत एका गावी माझी काकी राहते. गाव कोणत्या तालुक्यातले ते सांगत नाही. सांगितले तर ग्रामसेवकाला वाटेल की मास्तरांनी आपल्याला अंकात छापले. आणि तो तसा वाईट माणूस नाही.

काकी पाच वर्षांपूर्वी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळली. तिचा मुलगा, माझा चुलतभाऊ, भिवंडीला गोदामात कामाला आहे. तो रविवारी येतो. कधी येतही नाही. काकीला उठवणे-बसवणे, न्हाऊ घालणे, भरवणे, रात्री दोनदा कूस बदलणे, हे सारे तिची सून करते. ती माझी वहिनी.

त्या गावी सप्टेंबरअखेर घरपट्टी भरली तर शेकडा 5 सूट मिळते, आणि वर्ष उलटले की तितकाच दंड बसतो. वहिनीची पट्टी थकली. पैसे नव्हते म्हणून नव्हे. 640 रुपये तिने डाळीच्या डब्यात केव्हाच बाजूला काढून ठेवले होते. पण ग्रामसेवकाकडे दोन गावे. तो ज्या वेळी कचेरीत असे, त्या वेळी काकीला एकटी टाकून जायचे कसे? दोनदा ती शेजारच्या पोरीला बसवून धावत गेली, तर दाराला कुलूप. पुढे काकीच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी दाखला लागला, तेव्हा उत्तर मिळाले, "आधी थकबाकी भरा." तिने दंडासकट भरली आणि दाखला आणला. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

माझ्या दृष्टीने तो तिथे सुरू झाला. निवृत्त शिक्षकाला अन्यायाचा वास फार लवकर येतो. मी अर्ज लिहिला : ज्या घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा घरचेच माणूस करते, त्या घराच्या पट्टीत निम्मी सूट द्यावी. अर्ज अकरा पानांचा झाला. ग्रामसेवकाने तो वजन केल्यासारखा हातात धरला आणि म्हणाला, "मास्तर, माझ्या नोंदवहीत घराची लांबी आहे, रुंदी आहे, भिंत कशाची ते आहे. आत कोण कोणाचं काय करतं, त्याचा रकानाच नाही."

या माणसाने सहज बोलता बोलता माझ्या अकरा पानांपेक्षा अधिक सांगितले होते. आमच्या सगळ्याच कायद्यांत हा रकाना नाही, किंवा असला तरी तो शुश्रूषा करणाऱ्यापाशी पोचेपर्यंत बंद होतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले शेकडा 5 दिव्यांगांसाठी खर्चावेत असा शासनाचा आदेश आहे. तो दिव्यांगासाठी आहे, आणि ते योग्यच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने काळजी घेणाऱ्याच्या भत्त्याचा उल्लेख केला, पण तोही ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशा दिव्यांगालाच द्यायचा. 2007 साली आईबापांच्या निर्वाहाचा कायदा झाला. त्यात 'मुले' या शब्दात मुलगा येतो, मुलगी येते, नातू-नात येतात. सून येत नाही. म्हणजे कायद्याच्या लेखी वहिनीवर काकीचे काहीच देणे नाही आणि गावाच्या लेखी सगळेच आहे.

निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतनाला आपल्या राज्याने नाव मोठे गोड दिले आहे : श्रवणबाळ. 2023 मध्ये ती रक्कम महिना 1500 रुपये झाली. हे पैसे मिळतात कोणाला? कावडीत बसलेल्या आईबापांना. ज्याच्या नावाने योजना चालली आहे, तो खांद्याला कावड लावून पाणी शोधत हिंडतोच आहे. शहापुराकडच्या माणसाला याचे नवल वाटू नये म्हणा. भातसा आणि तानसा त्याच्या तालुक्यात भरतात, मुंबईची तहान भागवतात, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवरच्या बायका टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसतात.

ग्रामसेवकाने अर्ज ग्रामसभेपुढे ठेवला. मी उभा राहून बोललो. पुंडलिकाचा दाखला देण्याचा मोह मला आवरला नाही. आईबापांचे पाय चुरताना त्याने साक्षात विठ्ठलाला विटेवर उभे ठेवले. ग्रामपंचायत काही विठ्ठलापेक्षा थोर नव्हे, तिने थोडे थांबावे, असे म्हणालो. लोक हसले. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात मागून एक माळकरी म्हातारे उठले. म्हणाले, "मास्तर, पुंडलिकानं वीट फेकली. पावती नाही मागितली."

सभा त्यांनी जिंकली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जे मायेने होते त्याला सूट लावली, की ते मोजमापात येते. आज निम्मी पट्टी माफ झाली, तर उद्या कोणी म्हणेल, सून सासूचे करते ते 320 रुपयांसाठी. काही गोष्टी हिशेबात न घेतल्यानेच शुद्ध राहतात, ही आपली जुनी समजूत आहे, आणि ती अगदीच पोकळ आहे असे मी म्हणणार नाही.

पण मग सैनिकाचे काय? 2020 मध्ये राज्याने माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या घरांची पट्टी माफ करण्याचे ठरवले. तेव्हा कोणी उठून म्हटले नाही, की देशभक्तीची किंमत केली. उलट सर्वांना बरे वाटले. वर्षानुवर्षे ज्याने आपले दिवस स्वतःपाशी ठेवले नाहीत, त्याच्यापाशी आम्ही आणखी काही मागत नाही, इतकाच त्या माफीचा अर्थ. ती वेतन नव्हे. मागणाऱ्याने मागे घेतलेला हात आहे. विठ्ठल विटेवर थांबला तोही पुंडलिकाला मजुरी द्यायला नव्हे. माळकरी बुवांना हे उत्तर द्यायचे मला पहाटे सुचले. चांगली उत्तरे पहाटेच सुचतात.

इंग्रजांनी यावर एक वाट काढली आहे. त्यांच्याकडे 1993 पासून घरावर जो स्थानिक कर आहे, तो घरात किमान दोन प्रौढ माणसे आहेत असे धरून आकारतात. पण त्याच घरात राहून आजारी माणसाची आठवड्याला निदान 35 तास शुश्रूषा करणाऱ्याला, काही अटींवर, मोजदादीतून वगळतात. मोजण्याजोगे एकच माणूस उरले, तर करात चौथाई सूट मिळते. मी हे वाचले तेव्हा वहीच घातली. आठवडाभर काकीकडे मुक्काम केला आणि वहिनीचे तास मांडले. 61 भरले. तिला दाखवले, तर तिने विचारले, "रात्रीचं धरलंत?" मी रात्री झोपलो होतो.

त्या इंग्रजी कायद्यात एक गमतीची अट आहे. शुश्रूषा नवऱ्याची किंवा बायकोची असेल, अथवा 18 वर्षांच्या आतल्या स्वतःच्या मुलाची असेल, तर ती धरत नाहीत. सासूची चालते. म्हणजे वहिनी तिथे असती तर या अटीत बसली असती. आजारी पत्नीपाशी बसलेला नवरा बसला नसता. लग्न केले, मूल झाले, तेव्हाच तू हे पत्करलेस, असा त्यामागचा विचार असावा. मला तो पटत नाही. पत्करलेले ओझे हलके असते, असे हमालसुद्धा म्हणणार नाही. 2019 मध्ये आपल्या देशात लोकांच्या वेळेची पाहणी झाली. घरच्यांची काळजी घेणाऱ्यांत बाईचा दिवसाला सरासरी 134 मिनिटे वेळ जात होता, पुरुषाचा 76. या मिनिटांना नाते विचारून काय करायचे?

इथवर माझी बाजू मला भक्कम वाटत होती. ती डळमळली ती वहिनीच्या एका वाक्याने. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात कर-आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. मी कागद तयार करून सहीसाठी घेऊन गेलो. तिने हात पुसले, सही केली आणि म्हणाली, "भावजी, हे माझ्यासाठी करताय, की ताईसाठी?"

ताई म्हणजे माझी पत्नी. तिच्या शेवटच्या आजारात मी नोकरीत होतो. रजा होत्या, घेतल्या असत्या तर मिळाल्या असत्या. पण परीक्षा जवळ आल्या होत्या आणि माझ्यावाचून शाळा अडेल असे मला वाटत होते. दोन महिने वहिनी आमच्या घरी येऊन राहिली. तेव्हा काकी धडधाकट होती. पत्नीचे सारे वहिनीने केले. मी संध्याकाळी येऊन विचारपूस करीत असे. त्या दोन महिन्यांचे मी वहिनीला काय दिले? एक लुगडे. आणि आता मी ग्रामपंचायतीने तिला सूट द्यावी म्हणून कायदा धुंडाळत होतो. देणे माझे, आणि वसुलीची चिठ्ठी गावाच्या नावाने.

याने माझा मुद्दा खोटा ठरत नाही, हे मला अजूनही वाटते. गावाचे देणे आहे ते आहेच. पण ते माझ्या देण्यात वळते करून घेता येत नाही. मी अपील मागे घेतले नाही. फक्त तिला विचारले, "तुला खरं काय हवंय?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "आठवड्यातून एक दुपार."

तेव्हापासून दर गुरुवारी मी काकीपाशी बसतो. पहिल्या गुरुवारी वहिनी बाहेर पडली आणि घटकाभरात काकीचे अंथरूण ओले झाले. शुश्रूषेवर अकरा पाने लिहिलेल्या मला कोरडी गोधडी घरात कुठे असते ते ठाऊक नव्हते. काकीने नीट चालणाऱ्या हाताने फडताळ दाखवले. तिला उचलायचे कसे हेही तिनेच खुणेने शिकवले. वैतागली नाही, पण एकदा हसली.

वहिनी परत आली ती पदराला घाम पुसत. कचेरी उघडी होती, सप्टेंबर संपायला चार दिवस होते. यंदाची पट्टी ती स्वतः भरून आली होती. "बत्तीस रुपये सुटले, भावजी," ती म्हणाली, आणि पावती देवाच्या फळीवर हळदीकुंकवाच्या कोयरीखाली ठेवून चहाला आधण टाकले. अपिलाची तारीख दिवाळीनंतरची लागली आहे. गुरुवार आहे, दुसरी मागून घ्यावी लागेल.