तो ऐकतो, तुम्ही ऐकू देत नाही

हसून झालं असेल तर आता ऐका. तो आज आला नाही म्हणून बोलतो; लेकराला समोर बसवून त्याची चर्चा मी करणार नाही. काल मधल्या सुट्टीत तुम्ही मागून हाका मारल्या, त्यानं वळून पाहिलं नाही, तर म्हणे, ‘कानात मशीन बसवलंय तरी नाटक करतो.’

नाटक? कानाची आकृती काढून गुण मिळवता ना? मग शिका. तुमच्या कानातल्या शंखात आवाज मेंदूकडे पोचवणाऱ्या सुमारे ३,५०० पेशी आहेत. त्याच्या शंखात त्यांचं काम करते त्या मशीनची एक बारीक तार. तिच्यावर विजेचे ठिपके १२ ते २२. त्यांतही एकाची वीज शेजारच्याच्या हद्दीत सांडते, म्हणून वेगळे कळणारे सूर उरतात जेमतेम आठेक. शांत खोलीत तो तेवढ्यावर अख्खा धडा समजून घेतो. त्यासाठी त्याच्या आईनं वर्षानुवर्षं एकेक शब्द घोटून घेतलाय.

गोंगाटात मात्र सगळ्याची खिचडी होते. कोणाचा आवाज जाड, कोणाचा बारीक, यावरून तुमचा कान माणूस निवडतो. गलका क्षणभर ओसरला की शब्द पकडतो. यंत्रातून नेमका तो जाड-बारीकपणाच धड पोचत नाही. म्हणून आवाज येतो आणि शब्द हरवतो.

वर पत्रे, खाली फरशी. वर्ग आधीच घुमतो. बाहेर बीड-परळी रस्त्याची वाहतूक. हंगामात सोळंके कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रॅक्टर, त्यांवर कर्कश गाणी. ती मला बंद करता येत नाहीत. तुमची तोंडं येतात!

उद्यापासून त्याच्याशी बोलताना समोर या, तोंडावर हात नको. तो ओठही वाचतो. लांबून ओरडू नका, जवळ जा. मोकळ्यावर अंतर निम्मं केलंत तरी आवाज ६ डेसिबलनं वाढतो. एका वेळी एकानंच बोलायचं. नाही कळलं तर तेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणालात तर खबरदार! त्याला काय कळावं, हे ठरवणारे तुम्ही कोण? अशानं वर्गात बसलेल्या पोराला तुम्ही वर्गाबाहेर काढता. ते मी चालवून घेणार नाही.

वह्या काढा. बाक न ओढता.