झाकायचं काय: चित्र की नजर?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध १, अध्याय ४, श्लोक ५.

प्रसंग छोटासाच आहे. शुकदेव घर सोडून निघालेत, अंगावर वस्त्र नाही. मागून वडील, म्हणजे व्यासमहर्षी, येताहेत. वाटेत काही स्त्रिया पाण्यात स्नान करताहेत. तरुण, नग्न शुक समोरून गेले तरी त्यांना संकोच वाटला नाही. पण वस्त्र नेसलेले व्यास दिसताच त्यांनी लाजून कपडे ओढून घेतले. व्यासांनी चकित होऊन कारण विचारलं. उत्तर मिळालं: ही स्त्री, हा पुरुष, हा भेद तुमच्या नजरेत अजून आहे, तुमच्या मुलाच्या नजरेत तो नाही.

साक्षात व्यासांना हे ऐकावं लागलं. मग आपलं काय?

हे वाचताना मला व्हॅटिकनमधलं सिस्टिन चॅपेल आठवलं. तिथे वेदीमागच्या भिंतीवर मायकेलअँजेलोंनी १५३६ ते १५४१ या काळात ‘अंतिम न्याय’ हे भलंमोठं चित्र रंगवलं. त्यात संत काय, पापी काय, बरेचसे निर्वस्त्र. देवापुढे उभं राहताना हुद्दे-पोशाख कुठले? पण पोपचे समारंभप्रमुख बियाजो दा चेझेना यांना ते देवाच्या जागी अशोभनीय वाटलं. चित्रकाराने काय करावं? नरकातल्या मिनोसला त्यांचाच चेहरा दिला, वर गाढवाचे कान!

वाद मात्र थांबला नाही. जानेवारी १५६४ मध्ये देह झाकायचा निर्णय झाला. फेब्रुवारीत मायकेलअँजेलो गेले. मग दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराने त्या देहांवर वस्त्रं रंगवली, आणि लोकांनी त्याला ‘चड्डीवाला’ अशा अर्थाचं टोपणनाव चिकटवलं. पुढेही कुणी ना कुणी वस्त्रं चढवतच राहिलं. १९९४ मध्ये चित्राची सफाई पूर्ण झाली, तेव्हा नंतर चढवलेली बरीच वस्त्रं उतरवली. दानिएलेची इतिहास म्हणून ठेवली. त्या वेळी पोप दुसरे जॉन पॉल यांनी याच चॅपेलमधून मानवी देहाच्या पावित्र्याबद्दल प्रवचन केलं. ज्या देहांची एकेकाळी लाज वाटली, त्यांच्याच साक्षीने!

आपल्याकडे बघा. श्रवणबेळगोळचा बाहुबली सुमारे ५७ फूट उंच, उघड्या आकाशाखाली, दिगंबर. पायाशी जुना मराठी शिलालेख आहे. आजी-नातवंडं सगळी एकत्र दर्शन घेतात. तिथे कुणाला चादर शोधावीशी वाटत नाही.

आता माझी गोष्ट. गेल्या महिन्यात घरी त्या सहलीचे फोटो दाखवत होतो. बाहुबलीचा फोटो आला आणि शेजारी आठ वर्षांची भाची बसलीय हे बघून मी पटकन पुढे सरकवला. आई म्हणाली, “अरे थांब, नमस्कार करू दे.” तिने हात जोडले. भाचीने विचारलं, “आजी, यांना थंडी वाजत नाही का?” बस, एवढंच.

खोलीत लाज फक्त मला वाटली होती. का? कारण रात्री एकटा असताना मी याच फोनवर काय बघतो, ते मला माहीत होतं. भाचीच्या टॅबवर फिल्टर मीच लावलाय. माझ्या फोनवर मात्र इन्कॉग्निटो.

गैरसमज नको. फिल्टर लावूच नये, असं मी म्हणत नाही. लहान मुलांना आडोसा हवाच, आणि आपण काही शुकदेव नाही. त्या स्त्रियांनीही व्यासांसमोर कपडे ओढून घेतले, यात चूक काहीच नव्हती. पण त्यांना एक गोष्ट स्पष्ट ठाऊक होती: आडोसा कुणाच्या नजरेमुळे लागतोय. आपण नेमकं तेच विसरतो. बग आपल्या कोडमध्ये आणि तक्रार स्क्रीनची! मग मूर्तीवर कापड टाकून आपण सोवळे होतो, आणि आतला कचरा तसाच राहतो.

आजचा अभ्यास: एखादं चित्र, मूर्ती बघून “हे झाकायला हवं” असं वाटलं, तर आधी दहा सेकंद थांबा. एक नाम घ्या. आणि स्वतःला विचारा, आत्ता अस्वस्थ कोण झालंय? मी आज रात्रीपासून फोन हॉलमध्ये ठेवून झोपणार आहे.

पांडुरंगा, डोळे तूच दिलेस. त्यांना बघायलाही तूच शिकव.

जय हरी!